कर नोकराचा, जबाबदारी मालकाची

कोल्हापुरात कारखाना निघतो तो बहुधा दुसऱ्या कारखान्याच्या पोटातून. उद्यमनगरात दहा-बारा वर्षे लेथवर हात बसवलेला कारागीर एके दिवशी जुने यंत्र विकत घेतो, भाड्याचा गाळा पाहतो, अंबाबाईला नारळ फोडतो आणि स्वतःचे काम सुरू करतो. आरंभीचे काही महिने तो व त्याचा धाकटा भाऊ असे दोघेच राबत असतात. पुढे शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या मोठ्या कारखान्याचे काम मिळते, हात अपुरे पडू लागतात, आणि ओळखीचा एखादा मुलगा महिना बारा हजारांवर मदतनीस म्हणून ठेवला जातो. महिना भरतो, पगार दिला जातो. आजवर मजुरी घेणारा तो इसम या दिवसापासून मजुरी देणारा झालेला असतो. आणि ज्या क्षणी तो त्या मुलाच्या हातावर बारा हजार रुपये ठेवतो, त्याच क्षणी राज्याच्या एका कायद्याने त्याच्यावर एक कर्तव्य येऊन पडलेले असते. त्याला त्याची वार्ता नसते, इतकेच.

हे कर्तव्य व्यवसाय कराचे. विजेची जोडणी, वस्तू व सेवा कराचा क्रमांक, बँकेतले चालू खाते, या गोष्टी कोणी विसरत नाही, कारण त्यांवाचून धंद्याचे चाक फिरतच नाही. व्यवसाय करावाचून ते खुशाल फिरते. रक्कम लहान, मागायला सहसा कोणी दारात येत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षे, कधी पाच-सहा वर्षेही हा विषय निघत नाही. शिवाय आणखी एक गैरसमज याच्या मुळाशी आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस माणसांच्या आस्थापनेला लागतो, कामगार राज्य विम्याचा दहा माणसांच्या. तेव्हा 'आपण लहान, आपल्याला हे काही लागू नाही,' अशी मनाची समजूत करून घेणे सोपे जाते. व्यवसाय कराला मात्र माणसांच्या संख्येची अट नाही. करपात्र वेतनाचा एक नोकर पुरतो.

माणसाच्या धंद्यावर कर बसवण्याची कल्पना नवी नव्हे. मराठी राज्यात तेली, साळी, दुकानदार आदी लोकांवर मोहतर्फा नावाचा कर असे. जुन्या दप्तरांत तो जागोजाग आढळतो. ब्रिटिश अमदानीत धंद्यांवरचे कर प्रायः नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांच्या हाती होते. पुढे १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर कर बसवण्याचा अधिकार राज्याला दिला. हा कर राज्याच्या किंवा स्थानिक संस्थांच्या हितार्थ असू शकेल असेही सांगितले. आणि एका माणसाकडून वर्षाला २५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, अशी मर्यादाही घालून दिली. १९८८ सालच्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २,५०० रुपये झाली, ती अद्याप तेवढीच आहे. तमिळनाडू आणि केरळ या राज्यांत हा कर आजही महापालिका, नगरपालिका व पंचायती यांच्याकडेच भरला जातो. महाराष्ट्राने १९७५ साली स्वतंत्र कायदा करून तो राज्याच्या तिजोरीकडे वळवला.

तसे करण्यास तत्कालीन कारण होते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचा ग्रामीण भाग होरपळला होता. मागेल त्याला काम देण्याची जी रोजगार हमी योजना या राज्याने उभी केली, तिचे प्रणेते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्याचे, म्हणजे कोल्हापूरच्या शेजारचेच. या योजनेला कायमचा पैसा हवा होता. ज्यांना दरमहा निश्चित पगार मिळतो, ज्यांचा धंदा नीट चालतो, त्यांच्याकडून थोडे थोडे घेऊन ज्याच्या हाताला काम नाही त्याला ते द्यावे, या विचाराने व्यवसाय कर योजनेशी जोडला गेला. शहरातल्या पगारपत्रकावर 'व्य. क. २००' अशी जी नोंद दिसते, तिचे एक टोक अशा रीतीने बांधाच्या व पाझर तलावाच्या कामापर्यंत गेलेले आहे. पगारदारांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, हा प्रश्न निराळा.

आता मूळ मुद्द्याकडे वळावे. नोकराच्या वेतनावरचा हा कर नोकराचा आहे, मालकाचा नव्हे. परंतु तो सरकारात भरण्याची जबाबदारी कायद्याच्या चौथ्या कलमाने मालकावर टाकली आहे. पगार देण्यापूर्वी मालकाने कर कापून घ्यावा, आणि तो कापला असो वा नसो, सरकारात भरावा. 'कापला असो वा नसो' या चार शब्दांत सगळे मर्म आहे. 'मी कोणाचे काही कापलेच नाही, मग भरायचे कशाचे?' हा प्रश्न पुष्कळ जण निरागसपणे विचारतात. कायदा त्यावर म्हणतो की, कापायचे होते. कापले नसेल तर ते तुमच्या पदरचे.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे हिशेबाने पाहिले म्हणजे ध्यानात येते. समजा, एका कारखान्यात सहा कामगार आहेत, सगळे पुरुष, आणि प्रत्येकाचे वेतन महिना दहा हजारांच्या वर. प्रत्येकाचा वर्षाचा कर २,५०० रुपये. सहा जणांचा मिळून १५,०००. तीन वर्षे नोंदणी झाली नाही, तर ४५,००० रुपये थकले. इतक्यात मोठ्या कारखान्याकडून नवे काम देण्यापूर्वी कागदपत्रे मागितली जातात, किंवा बँकेत कर्जाचा अर्ज जातो, किंवा विभागाची नोटीस येते, आणि ही थकबाकी उजेडात येते. एव्हाना सहांपैकी दोघे पुण्याला निघून गेले आहेत, एकाने स्वतःचा गाळा घेतला आहे. त्यांच्याकडून आता काय वसूल होणार? जे तिघे उरले आहेत त्यांच्या चालू पगारातून तीन वर्षांचे एकदम कापावे, तर त्यांनी का सोसावे? दरमहा दोनशे रुपये कापले असते तर कोणी तक्रार केली नसती. आता साडेसात हजार मागितले तर माणूस काम सोडून जाईल. शेवटी मालक स्वतःच्या खिशात हात घालतो. शिवाय थकबाकीवर दरमहाचे व्याज, न भरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपर्यंत शास्ती, वेळेवर नोंदणी न केल्याबद्दल दिवसागणिक दंड, आणि न भरलेल्या प्रत्येक विवरणपत्राला हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क. मूळ कर लहान, पण त्याचे पिलावळ मोठे.

इथवर नोकरांच्या कराची गोष्ट झाली. मालकाचा स्वतःचा कर याहून वेगळा, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. कायद्याच्या पाचव्या कलमात दोन प्रकारची प्रमाणपत्रे सांगितली आहेत. एकाचे नाव नोंदणी प्रमाणपत्र. ते मालकाने नोकरांच्या वतीने कर भरण्यासाठी घ्यावयाचे. दुसऱ्याचे नाव नावनोंदणी प्रमाणपत्र. ते धंदा करणाऱ्याने स्वतःचा कर भरण्यासाठी घ्यावयाचे. नावे इतकी सारखी ठेवण्यात काय शहाणपण होते, ते नावे ठेवणाऱ्यांनाच माहीत. पहिल्याचा क्रमांक २७ या अंकांनी सुरू होतो, दुसऱ्याचा ९९ या अंकांनी, आणि दोहोंच्या अखेरीस 'पी' हे अक्षर असते. खूण म्हणून एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. राजारामपुरीतला एखादा डॉक्टर दवाखाना उघडतो तेव्हा सल्लागार त्याला नावनोंदणी करून देतो, वर्षाचे २,५०० रुपये भरले जातात, चौकटीत घातलेले प्रमाणपत्र भिंतीवर लागते. आणि आपल्या कंपाउंडरच्या पगाराशी या कराचा काही संबंध आहे असे त्या डॉक्टरच्या स्वप्नातही येत नाही. एक प्रमाणपत्र हाती असल्यामुळेच दुसरे राहून जाते. भागीदारीच्या पेढीत प्रत्येक भागीदाराने आपापली नावनोंदणी करावयाची असते, कंपनीत प्रत्येक संचालकाने. पेढीने किंवा कंपनीने एकदा भरले की सगळ्यांचे भागले, असे नाही.

दरांचे कोष्टक मोठे नाही. पुरुष नोकराचे मासिक वेतन ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. त्यापुढे १०,००० पर्यंत दरमहा १७५ रुपये. १०,००० च्या वर दरमहा २०० रुपये, आणि फेब्रुवारीत मात्र ३००. या फेब्रुवारीच्या तीनशेबद्दल कारखान्यांतून दरवर्षी कुरकुर होते; महिना तर सर्वांत लहान, मग कपात मोठी का? उत्तर घटनेतल्या मर्यादेत आहे. अकरा महिन्यांचे दोनशेप्रमाणे २,२०० झाले. तीनशे मिळवले की नेमके २,५०० भरतात. याहून एक रुपयाही अधिक घेण्याचा राज्याला अधिकार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत दर निराळे आहेत. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या स्त्रीला हा कर नाही. त्यापुढे पुरुषांप्रमाणेच दोनशे, व फेब्रुवारीत तीनशे. तेव्हा एकाच टेबलाशी बसून बिले लिहिणारे दोन कारकून, दोघांनाही अठरा हजार पगार, त्यांतल्या पुरुषाचे वर्षाला अडीच हजार कापले जातात आणि स्त्रीचे काही नाही. एखाद्या वकिलाच्या कचेरीत एकच टंकलेखिका असेल आणि तिचे वेतन पंचवीस हजारांच्या आत असेल, तर त्या वकिलाला नोकरांसाठीची नोंदणी घेण्याचे कारण पडत नाही. स्वतःची नावनोंदणी मात्र चुकत नाही. उलट पुरुषांची ७,५०० ची मर्यादा इतकी खाली आहे की, पूर्ण महिना काम करणारा पुरुष नोकर आज तिच्या आत क्वचितच बसतो. म्हणून वर सांगितलेल्या कारागिराने पहिला मदतनीस ठेवला तेव्हाच त्याचे दायित्व सुरू झाले.

वेतन म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. मूळ पगार, महागाई भत्ता, आणि नियमाने मिळणारे इतर सर्व मोबदले यांची बेरीज ती कायद्याच्या दृष्टीने वेतन. मूळ पगार सात हजार दाखवून उरलेले भत्त्यांत घालण्याची युक्ती येथे चालत नाही. बोनस मात्र कोणत्याही स्वरूपात या बेरजेत येत नाही, उपदानही येत नाही. दिवाळीला बोनस दिल्यामुळे एखाद्या बाईच्या हातात त्या महिन्यात पंचवीस हजारांहून अधिक पडले, तर तेवढ्यावरून तिचा कर कापणे ही मालकाची चूक ठरेल.

काही जणांना कायद्यानेच सूट दिली आहे. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना हा कर नाही. कायमचे शारीरिक अपंगत्व असलेल्यांना, तसेच मतिमंद मुलाच्या आईवडिलांना किंवा पालकाला नाही. सैन्यदलांतील माणसांना नाही. कापड धंद्यातील बदली कामगारांनाही सूट आहे, आणि इचलकरंजी जवळ असल्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. सूट आहे म्हणून कपात केली नाही, तर तिचा दाखला मालकाच्या दप्तरात हवा. तपासणीच्या वेळी 'तो माणूस म्हातारा होता' हे सांगणे पुरत नाही, जन्मतारखेचा कागद दाखवावा लागतो.

आणखी एक माणूस जुन्या बाजारपेठांतून हमखास भेटतो, तो म्हणजे लक्ष्मीपुरीत व शाहूपुरीत तीन-चार पेढ्यांचे हिशेब लिहिणारा दिवाणजी. सकाळी येथे, दुपारी तेथे, संध्याकाळी तिसरीकडे. प्रत्येक पेढीने त्याचे दरमहा दोनशे कापायचे म्हटले तर बिचाऱ्याचे वर्षाला साडेसात हजार जातील. आणि घटनेची मर्यादा तर माणशी अडीच हजारांची. कायद्याने यावर तोड काढली आहे. एकाच वेळी अनेक मालकांकडे नोकरी करणाऱ्याने स्वतःची नावनोंदणी करून आपला कर आपणच भरावा, आणि आपण तसे करतो असा विहित नमुन्यातला दाखला प्रत्येक मालकाला द्यावा. मग मालकांनी कपात करावयाची नाही. दाखला न घेता नुसत्या शब्दावर कपात सोडून देणारा मालक मात्र चौथ्या कलमाच्या कचाट्यातून सुटत नाही.

नोंदणीची रीत आता फार कठीण राहिलेली नाही. अर्ज महाराष्ट्र वस्तू व सेवा कर विभागाच्या संकेतस्थळावर करावयाचा. नोकरांसाठी नमुना क्रमांक एक, स्वतःसाठी नमुना क्रमांक दोन. आयकराचा पॅन, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, धंद्याच्या जागेचा कागद, बँकेच्या खात्याचा तपशील, छायाचित्र, एवढे हाताशी असावे. दायित्व सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. ज्यांनी नवी कंपनी स्थापन केली आहे त्यांना २०२० पासून कंपनीच्या नोंदणीच्याच वेळी व्यवसाय कराचे क्रमांक मिळतात. यात सोय आहे तशी एक अडचणही आहे. क्रमांक आपोआप आल्यामुळे तो आल्याचेच कित्येकांच्या ध्यानात राहत नाही, आणि विवरणपत्रे भरावयाची राहून जातात.

अर्जातला एक रकाना विचारपूर्वक भरण्यासारखा असतो. तो म्हणजे दायित्व सुरू झाल्याचा दिनांक. धंदा सुरू झाला तो दिवस, गाळ्याचा भाडेकरार झाला तो दिवस, आणि पहिला करपात्र पगार दिला तो दिवस, हे तीन दिवस निरनिराळे असतात. नोकरांच्या नोंदणीसाठी तिसराच खरा. घाईत धंद्याचा आरंभदिन लिहिणाऱ्याकडून, नोकर नव्हता त्या काळाचाही खुलासा मागितला जाऊ शकतो. आणि जुनी थकबाकी झाकण्यासाठी आजची तारीख लिहिणाऱ्याला पगारपत्रक, बँकेचा उतारा व आयकराचे हिशेब उद्या खोटे पाडतात.

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे भरण्याचे वेळापत्रक सुरू होते. आदल्या वर्षाचा नोकरांचा कर एक लाख रुपयांहून कमी असेल तर वर्षाचे एकच विवरणपत्र, ३१ मार्चपर्यंत. त्याहून अधिक असेल तर दरमहा. नव्या मालकाला पहिल्या वर्षी दरमहाच भरावे लागते. पूर्ण दराने कर देणारे चाळीस कामगार वर्षभर असले तरच हा आकडा लाखाला पोचतो. तेव्हा उद्यमनगरातले बहुतेक कारखाने वार्षिक पद्धतीत बसतात. वार्षिक पद्धत सोयीची खरी, पण तिच्यात एक खाच आहे. कपात होते दरमहा, भरणा होतो वर्षातून एकदा. मधल्या काळात कापलेला पैसा गल्ल्यातच मिसळतो, त्यातून कच्चे लोखंड येते, वीजबिल भागते, आणि मार्च उजाडतो तेव्हा तो पैसा नसतो. वस्तुतः तो पैसा मालकाचा नव्हेच. कामगाराच्या पगारातून सरकारसाठी काढून ठेवलेली ती ठेव आहे. काही सावध मालक यासाठी बँकेत वेगळे खाते ठेवतात आणि पगाराच्या दिवशीच कपातीची रक्कम त्यात टाकतात. मालकाच्या स्वतःच्या नावनोंदणीचे २,५०० रुपये भरण्याची मुदत ३० जून ही आहे.

कोल्हापूर सीमेवरचे शहर असल्याने येथे एक प्रश्न वारंवार निघतो. पेढी कोल्हापूरची, पण वखार निपाणीला किंवा शाखा बेळगावला. तेथल्या नोकरांचे काय? निपाणी कर्नाटकात आहे, आणि कर्नाटकाचा व्यवसाय कराचा कायदा १९७६ चा, वेगळा. तेथे नोकरी करणाऱ्यांसाठी तेथली नोंदणी घ्यावी लागते. दरही सारखे नाहीत. कर्नाटकात २०२३ पासून पंचवीस हजारांच्या आत पगार असलेल्या पुरुषालाही कर नाही. एकाच मालकाच्या दोन नोकरांना समान वेतन असूनही, कागलच्या अलीकडच्याचे कापावयाचे आणि निपाणीतल्याचे नाही, असा प्रसंग त्यामुळे येतो, आणि तो कामगारांना समजावून सांगणे हेही मालकाच्याच वाट्याला येते.

ज्याने आजवर नोंदणी केली नाही, त्याने काय करावे? पुष्कळ जण भीतीने आणखी एक वर्ष जाऊ देतात. व्याज दर महिन्याला वाढते आणि सोडून गेलेल्या नोकरांची संख्याही वाढते, याचा विचार करता ते वर्ष महागात पडते. पहिला करपात्र पगार कधी दिला हे जुन्या वह्यांतून शोधून काढावे, कोण कधी आला व कधी गेला याची यादी करावी, स्त्रिया व सूट असलेले वगळावेत, बोनस बाजूला काढावा. मग जो आकडा येईल तो बहुधा मनात धरलेल्या आकड्याहून लहान निघतो. या कामी कर सल्लागाराची फी द्यावी लागली तरी ती वाया जात नाही.

आणि धंदा बंद केला तर? गाळ्याला कुलूप लावले, यंत्रे विकली, माणसे गेली, एवढ्याने व्यवसाय कराचा क्रमांक मरत नाही. तो रद्द करण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तोवरची विवरणपत्रे पुरी करावी लागतात. तसे न केल्यास नावनोंदणीवर दर साल २,५०० चढत राहतात. मालक मुलाकडे मुंबईला राहावयास गेलेला असतो, आणि बंद गाळ्याच्या दाराखालून नोटिसा आत सरकवल्या जात असतात.